सिस्टर नोकरी का सोडतात?

भिवंडी-वसईच्या रुग्णालयांत राहून आलेले खारबावकडचे रुग्ण माझ्याकडे एक तक्रार हमखास करतात : ‘डॉक्टर, मागच्या वेळची एकही सिस्टर आता तिथे नाही.’ पगार कमी म्हणून गेल्या असतील, असे आपण म्हणतो. पगार हे कारण आहेच. पण वरिष्ठ कसे वागवतात, यावरही परिचारिका टिकणे अवलंबून असते.

कुर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग करून १९३९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात नेतृत्वाचे तीन प्रकार होते : हुकूम सोडणारे, सर्वांना विचारून चालणारे आणि सारे वाऱ्यावर सोडणारे. हुकूम सोडणारा नेता खोलीबाहेर गेला की काम थंडावे. विचारून चालणाऱ्याच्या गटात ते चालू राही.

वॉर्डातही हेच दिसते. समजा, इंजेक्शन द्यायला उशीर झाला. हुकमी मेट्रन रुग्णासमोरच सिस्टरला फैलावर घेते. पुढच्या वेळी ती सिस्टर चूक लपवते आणि धोका रुग्णाला होतो. बेफिकीर मेट्रन लक्षच देत नाही. मग सारा भार कामसू सिस्टरवर पडतो आणि तीच आधी राजीनामा देते. तिसरी मेट्रन बाजूला बोलावून विचारते, ‘कुठे अडलं?’ एकटीवर फार रुग्ण होते असे कळले, तर ती जादा सिस्टर मागते. अर्थात रुग्णाला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला, तर सल्लामसलत करत बसता येत नाही. तेव्हा हुकूमच हवा.

ड्यूटी लावण्याचेही तसेच. वसई रोड-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच. खारबावहून ये-जा करणाऱ्या मुलीला पाळी सुटल्यावर गाडी मिळेल का, एवढे विचारायला पैसे लागत नाहीत.

अमेरिकेत परिचारिकांची टंचाई असतानाही काही रुग्णालयांत त्या टिकून होत्या. १९८३ च्या एका अभ्यासात अशी ४१ रुग्णालये निवडली गेली. तिथल्या प्रमुख परिचारिका सहज भेटत, ऐकून घेत आणि निर्णयात सर्वांना सामील करत. यातल्याच बहुतेक रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाणही तुलनेने कमी असल्याचे १९९४ च्या अभ्यासात आढळले.

कारण उघड आहे. मुरलेली सिस्टर रुग्णाचा चेहरा पाहून बिघाड ओळखते. नव्या सिस्टरला ती नजर यायला काळ लागतो, आणि तोवर तीही गेली तर वॉर्ड कायम नवखाच राहतो.

रुग्णालयांच्या चालकांना माझे सांगणे एवढेच : चूक एकांतात सांगा, ड्यूटी-चार्ट विचारून लावा आणि सोडून जाणारीला कारण जरूर विचारा. वाचकहो, रुग्णालय निवडताना यंत्रांबरोबर आणखी एक चौकशी करा : इथल्या सिस्टर किती वर्षांपासून आहेत?