'जरा ढिलं' म्हणजे किती ढिलं?

मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने लखनौला निघालात, तर कानपूर मागे पडल्यावर, लखनौ यायच्या थोडं आधी एक छोटं स्टेशन खिडकीतून सर्रकन मागे जातं. पाटीवर नाव असतं 'मानक नगर'. पुष्पक तिथे थांबत नाही. पण ती ज्या रुळांवरून धावत असते, त्यांचं पोलाद कसं असावं, त्यांची तपासणी कशी करावी, हे ज्या कागदांवर लिहिलेलं असतं ते कागद तयार होतात याच मानक नगरात. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्था इथे आहे. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? रेल्वेतली माणसं नुसतं 'आरडीएसओ' म्हणतात. १९३० सालचं मानकांचं कार्यालय आणि १९५२ सालचं चाचणी-संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये ही संस्था उभी राहिली. मानक म्हणजे सगळ्यांसाठी एकच ठरवून दिलेलं माप किंवा पद्धत.

तुम्ही म्हणाल, रुळांचा आणि आमच्या इंग्रजी निबंधाचा काय संबंध? आहे ना! निबंधात 'गॉना', 'वॉना', 'स्टफ', 'अ लॉट' असं लिहिलं की बाई खाली लाल रेघ ओढतात. ती का, याचं मला पटलेलं उत्तर रुळांपाशीच मिळतं.

चला खंडाळ्याच्या घाटात. तिथे रोज एक कीमन रूळ तपासत चालतो. खांद्यावर हातोडा, हातात पाना. रुळाला धरून ठेवणारी एखादी क्लिप निसटली असेल तर तो ती ठोकून बसवतो. समजा, तो मुकादमाला म्हणाला, "हितं जरा ढिलं वाटतंय बघा." मुकादमाला लगेच कळतं. कारण 'हितं' म्हणताना कीमनने त्या जागेवर पाय ठेवलेला असतो. 'जरा' म्हणजे किती, ते त्याची दोन बोटं दाखवतात. 'ढिलं' काय आहे, ते हातोड्याचा ठोका सांगतो. त्यातूनही शंका उरलीच तर मुकादम विचारू शकतो.

आता हेच वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवून दूरच्या कार्यालयात पाठवा. तिथे पाय नाही, बोटं नाहीत, ठोका नाही. वाचणारा गोंधळात पडतो. इथं म्हणजे कुठे? जरा म्हणजे किती? ढिलं काय झालंय, क्लिप की बोल्ट? म्हणून कागदावर कितवा किलोमीटर, विजेचा कोणता खांब, डावा रूळ की उजवा, किती क्लिपा, हे सगळं लिहावं लागतं. कीमनची भाषा मुळीच चुकीची नव्हती. समोर माणूस उभा असताना ती उत्तमच होती. पण तिचा अर्धा अर्थ हातापायांत होता, आणि हातपाय काही टपालाने जात नाहीत.

मानक नगरातल्या कागदांचा प्रवास तर याहून लांबचा. तिथे लिहिलेलं छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात वाचलं जातं. तिथे तयार झालेले रूळ देशभर जातात. लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची कधी भेटच होत नाही. 'रूळ चांगला जड हवा' असं लिहून कसं चालेल? म्हणून आकडा लिहितात. आज मुख्य मार्गांवरच्या रुळाचं वजन असतं मीटरला ६० किलो. 'रुळांखाली स्लीपर भरपूर टाका' असंही कोणी लिहीत नाही. एका किलोमीटरला १६६० स्लीपर, असं लिहितात.

मला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती अशा कागदांतल्या तीन छोट्या इंग्रजी शब्दांची. 'शॅल' लिहिलं असेल तर ते केलंच पाहिजे, सुटका नाही. 'शुड' असेल तर केलेलं बरं, तसा सल्ला आहे. 'मे' असेल तर परवानगी आहे, करा किंवा करू नका. जगभरातली मानकं याच पद्धतीने लिहितात. एका शब्दाची अदलाबदल झाली, तर एखादी चाचणी सक्तीची न राहता ऐच्छिक होऊन बसेल!

शब्द सैल राहिला की काय होऊ शकतं, याची एक फार दुःखद गोष्ट आहे. २७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, आणि दाट धुकं. एका जंबो विमानातून इंग्रजीत निरोप आला, 'आम्ही आता टेक-ऑफला आहोत'. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी थांबलंय. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं, तेही परवानगीशिवाय. नियंत्रक 'ओके' म्हणाला. थांबायला सांगणारे त्याचे पुढचे शब्द रेडिओच्या कर्कश आवाजात बुडाले. धावपट्टीवर दुसरं जंबो विमान होतं. ५८३ माणसं गेली. अपघाताला धुक्यासारखी इतरही कारणं होती. पण त्यानंतर वैमानिकांच्या भाषेचे नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात. नुसतं 'ओके' म्हणून भागत नाही. मिळालेली सूचना परत म्हणून दाखवावी लागते.

आता तुमची वही उघडा. 'स्टफ' लिहिलंय? त्याला विचारा, कोणतं सामान? 'अ लॉट' लिहिलंय? विचारा, किती? 'थिंग', 'नाइस', 'काइंड ऑफ' यांनाही असंच उभं करा. उत्तर पानावर सापडलं नाही, तर तो शब्द काढून नेमका शब्द लिहा.

'गॉना'चं मात्र वेगळं आहे. त्याच्या अर्थात काहीही सैल नाही. तो म्हणजे 'गोइंग टू', पण घाईत उच्चारलेला. 'गोइंग'च्या शेवटच्या आवाजासाठी जिभेचा मागचा भाग वर जातो. लगेच 'टू'साठी तिचं टोक पुढे दातांच्या वर टेकतं. भरभर बोलताना जीभ मागची फेरी टाळते, पुढच्या जागीच 'न' म्हणते आणि 'ट' गाळून टाकते. आपणही हेच करतो की! 'कुठे आहेस' चं 'कुठेयस' होतं, 'करतो आहेस' चं 'करतोयस'.

मग 'गॉना' निबंधात का नको? केवळ रिवाज म्हणून. रिवाज पाळावा, कारण परीक्षेत, अर्जात, कार्यालयाच्या पत्रात लोकांची तशीच अपेक्षा असते. पण रिवाज बदलतात, हेही ध्यानात असू द्या. 'गलिव्हर'ची सफर लिहिणारे जोनाथन स्विफ्ट १७१० साली 'मॉब' या शब्दावर भयंकर चिडले होते. एका लांबलचक लॅटिन शब्दप्रयोगाचं हे शेपूट तोडलेलं रूप त्यांना अजिबात खपत नव्हतं. आज तोच 'मॉब' गंभीर बातम्यांत बिनधास्त छापला जातो. 'बस' हा तर 'ऑम्निबस' या शब्दाचा उरलेला तुकडा! आणि आपल्या भारतीयांच्या तोंडी रुळलेला 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसलाय.

म्हणून कोणी 'व्हतं', 'न्हाई' असं बोललं तर हसणं मला मुळीच आवडत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. खानदेशातल्या आपल्या बोलीत त्या गाणी रचत गेल्या, आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली तेव्हा सगळा महाराष्ट्र थक्क झाला.

आता एक प्रयोग. १९६२ साली विल्यम लबॉव्ह नावाचे भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेले. जी वस्तू चौथ्या मजल्यावर असल्याचं त्यांना माहीत होतं, तीच कुठे मिळेल असं विचारू लागले. उत्तर यायचं, 'फोर्थ फ्लोअर'. ते ऐकू न आल्यासारखं करायचे. विक्रेते तेच शब्द पुन्हा, जरा सावकाश म्हणायचे, आणि पहिल्या वेळी गिळलेला 'र' दुसऱ्या वेळी जास्त वेळा ऐकू यायचा. लबॉव्ह बाजूला जाऊन चटकन टिपून ठेवायचे.

तुम्ही घरीच करून बघा. ताईला, आजोबांना काहीही विचारा. उत्तर आलं की नम्रपणे म्हणा, "काय म्हणालात?" दोन्ही उत्तरं ऐकू आली तशीच, एकाखाली एक लिहा. अशी दहा-बारा माणसं झाली की कोणकोणते आवाज परत आलेत, ते मोजा.