प्रशिक्षण संपल्यानंतरचे महिने

आष्टी तालुक्यातला जिल्हा परिषदेचा शिक्षक असो की कपाशी-संत्र्याचा शेतकरी, प्रशिक्षणांची वानवा कुणालाच नाही. सभागृह, बॅनर, चहा-नाश्ता, प्रमाणपत्र, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. आणि सोमवारपासून जुनीच पद्धत. याचं खापर शिकणाऱ्याच्या आळसावर फोडणं सोयीचं असतं. पण सभागृहात पटलेली गोष्ट चौथीच्या वर्गात करून पाहताना ज्या अडचणी येतात, त्या सभागृहात कुणी विचारलेल्याच नसतात. मोठ्या कंपन्या यासाठीच कोच नेमतात. चांगला कोच भाषण देत नाही. तो काम पाहतो, प्रश्न विचारतो, पुढचं एक पाऊल त्या माणसाकडूनच ठरवून घेतो आणि ते पडलं का हे पाहायला परत येतो. बदल टिकतो तो या परत येण्यामुळे, असं माझं म्हणणं आहे.

त्याला आधार आपल्या जवळच आहे. स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी 2008 पासून तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या 17 कापड कंपन्यांमध्ये एक प्रयोग केला. सल्लागारांनी महिनाभर पाहणी करून काय चुकतंय ते सगळ्यांनाच सांगितलं. पुढचे चार महिने कारखान्यात येऊन सुधारणा अंगवळणी पाडायला मदत मात्र काहींनाच केली. बिघाडाची नोंद, सुताचा साठा, रोजची छोटी बैठक, अशा साध्याच गोष्टी. नुसतं निदान हाती पडलेल्यांत थोडाच फरक पडला. सोबत मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी 17 टक्क्यांनी वाढली. ही सोबत काटेकोर अर्थाने कोचिंग नव्हे, सल्लागारी होती, हे खरं. पण शिक्षकांच्या कोचिंगवरच्या 60 अभ्यासांचा 2018 मधला आढावाही त्याच दिशेने जातो: शिकवण्यात ठळक सुधारणा, मुलांच्या गुणांत त्याहून कमी. कार्यक्रमाचा पसारा वाढला की परिणाम ओसरतो, हेही त्यात दिसलं. सरकारी खात्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

‘कोच गेला की सगळं मूळपदावर’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. संशोधक 2017 मध्ये त्याच कारखान्यांत परतले, तेव्हा स्वीकारलेल्या सुधारणांपैकी जवळपास निम्म्या गळाल्या होत्या. व्यवस्थापक बदलला आणि मालकांना लक्ष द्यायला वेळ उरला नाही, ही त्याची मुख्य कारणं. तरी सोबत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते पुढेच होते. म्हणजे बदल एकाच व्यवस्थापकाच्या डोक्यात राहिला तर त्याच्याबरोबर जातो. कारखान्याच्या रोजच्या नोंदवहीत उतरला तर राहतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आष्टीत शहरी शुल्क घेणारा कोच कोण बोलावणार? बोलवायची गरजही नाही. केंद्रप्रमुख हे पद जवळपासच्या शाळांना आधार देण्यासाठीच आहे. त्याचा दिवस मात्र माहितीचे तक्ते भरण्यात जातो. त्यात तपासणीही तोच करतो, आणि वर अहवाल पाठवणाऱ्या माणसापुढे ‘मला भागाकार शिकवणं जमत नाही’ असं कुठला शिक्षक म्हणेल? तेव्हा आधी ही दोन कामं वेगळी करायला हवीत. मग महिन्याकाठी एका वर्गात तासभर बसणं, त्यावर मोकळं बोलणं आणि शाळेच्या वहीत दोन ओळी: काय करून पाहिलं, पुढे काय करायचं. बदली होऊन येणाऱ्या नव्या शिक्षकाच्या हाती पहिल्या दिवशी हजेरीपटासोबत ती वहीही पडायला हवी.