समकालीन शिल्पकलेतील शुश्रूषा आणि शोक

प्रस्तावना :
मृतांची स्मृती दगडात जपण्याची परंपरा महाराष्ट्रात प्राचीन आहे. मराठवाड्यात मंदिराच्या आवारात वा गावाच्या वेशीजवळ आढळणारे वीरगळ हे तिचे परिचित रूप होय. खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा व वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. सतीशिळेवर काकणे ल्यालेला स्त्रीचा हात कोरलेला असतो. म्हणजेच स्त्रीची नोंद झाली ती तिने मरण पत्करल्यावर. जखमीची सेवा करणारी व त्याच्या पश्चात घर सांभाळणारी व्यक्ती या शिळांवर दिसत नाही. ही अनुपस्थित व्यक्ती शिल्पात कशी अवतरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोक करणारी माणसे :
जर्मन शिल्पकार केटे कोलविट्झ यांचा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला. त्याच्या स्मृतीसाठी त्यांनी घडविलेले शिल्प 1932 मध्ये पूर्ण झाले. त्यात मुलगा नाही, शस्त्र नाही, स्वर्गही नाही. गुडघे टेकलेले आई व वडील तेवढे आहेत. तेही परस्परांपासून अलग. शोक एकाच घरातला असला तरी तो ज्याचा त्यालाच सोसावा लागतो, हे त्या दोन आकृतींमधील रिकामी जागा सांगते.

शुश्रूषेची जागा :
मुंबईच्या रुम्माना हुसेन (1952-1999) यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. 1992 च्या बाबरी विध्वंसानंतर व त्यापाठोपाठच्या दंगलींनंतर त्या चित्रकलेकडून मांडणशिल्पाकडे वळल्या. कर्करोगाशी झुंजत असताना त्यांनी 1999 मध्ये 'अ स्पेस फॉर हीलिंग' ही कलाकृती साकारली व त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. धातूची अवजारे, कापड, प्लॅस्टिकच्या वस्तू, सोनेरी रंग, शेंदूर व ध्वनी यांतून त्यांनी रुग्णालय आणि प्रार्थनास्थळ एकत्र आणले. येथे मानवाकृती नाही. स्ट्रेचरसारख्या रचनांमधून प्रेक्षक वावरतो, तेव्हा रुग्णाजवळ उभे राहणाऱ्याची जागा तो नकळत घेतो. आजारी देह व दुभंगलेला समाज या दोहोंनाही शुश्रूषेची गरज आहे, हा तिचा आशय होय.

निष्कर्ष :
कोरीव दगड घटनेचा शेवट सांगतो. शुश्रूषा मात्र रोज नव्याने करावी लागते. म्हणूनच तिच्यासाठी कापडासारखी नित्य वापरातील व नाशवंत साधने अधिक अर्थपूर्ण ठरतात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मृतांचे स्मरण आपण दरवर्षी करतो. परंतु अपंगत्व आलेल्यांना उठवणे-बसवणे, पोरक्या मुलांना वाढवणे हे काम पुढे कित्येक वर्षे घराघरांतून चालले. त्या श्रमांकडे पाहण्याची दृष्टी ही शिल्पे देतात. बेंबळी परिसरातील विद्यार्थ्यांना वीरगळ दाखविताना, या शिळेवर कोण नाही, हा प्रश्नही अध्यापकांनी विचारणे उचित ठरेल.