वाटीभर मांस आणि गुंडाळलेलं वर्तमानपत्र

मार्च २०२४मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने राज्यांना एक पत्र धाडलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, असा त्याचा मजकूर. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दही केलं. पण असल्या बातम्यांवर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निकाल कोर्टाच्या आधी लागतो. एक बाजू म्हणते, ‘त्यांच्या रक्तातच असतं ते.’ दुसरी तितक्याच ठामपणे सांगते, ‘कुत्रं वाईट नसतं हो, मालक वाईट असतो.’

या दोघांनाही अडचणीत आणणारा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात २०२२मध्येच आला होता. एलिनॉर कार्लसन आणि सहकाऱ्यांनी १८,३८५ कुत्र्यांच्या वागण्याविषयी मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २,१५५ कुत्र्यांचा डीएनए वाचला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसला, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीच्या खात्यावर टाकता आला. कुत्रं किती चटकन भडकेल, हे तर जातीवरून जवळपास कळतच नव्हतं. लगेच ‘जातीचा आणि स्वभावाचा संबंध नाही’ असे मथळे झळकले. मथळे देणाऱ्यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली. स्वभावाचे बरेच पैलू आनुवंशिक आहेत, हेही त्याच अभ्यासात दिसलं होतं. जात म्हणजे जनुकं नव्हेत. आजच्या बहुतेक जाती गेल्या दोनेकशे वर्षांत कान, केस आणि रंग बघून घडवलेल्या. स्वभावाची जनुकं त्याहून कितीतरी जुनी आणि सगळ्या जातींत विखुरलेली.

मग रक्त खरं की वळण? या प्रश्नाचं आजवरचं सगळ्यात मजेदार उत्तर १९५८ सालचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. रशियातल्या माणसाळलेल्या कोल्ह्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. डॅनियल फ्रीडमन यांच्या प्रयोगातली पिल्लं मात्र विस्मरणात गेली.

अमेरिकेतल्या बार हार्बरची जॅक्सन प्रयोगशाळा उंदरांसाठी प्रसिद्ध. तिथेच जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं कुत्र्यांचाही अभ्यास केला. फ्रीडमन यांनी तिथे चार जाती निवडल्या: बसेन्जी, बीगल, फॉक्स टेरियर आणि शेटलंड शीपडॉग. वय वर्षं नव्हे, वय आठवडे तीन झाल्यापासून अर्ध्या पिल्लांचे भरपूर लाड केले, उरलेल्यांना कडक शिस्त लावली. आठव्या आठवड्यात परीक्षा. खोलीत मांसाची वाटी, समोर भुकेलं पिल्लू. तोंड घातलं, की ‘नाही!’ असा ओरडा आणि ढुंगणावर गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका. मग माणूस खोलीबाहेर जायचा आणि पिल्लू किती वेळ दम धरतं, ते काचेआडून बघायचा.

बसेन्जींनी पाठ वळताच वाटीकडे धाव घेतली. लाडावलेली असोत की शिस्तीतली, फरक शून्य. शेटलंड शीपडॉगची पिल्लं दिवसामागून दिवस वाटीला शिवेचनात. इथेही वाढवण्याच्या पद्धतीने काही बिघडलं नाही की सुधारलं नाही. बीगल आणि टेरियरमध्ये मात्र पद्धतीचा परिणाम दिसला, तोही उलटा! लाडावलेली पिल्लं जास्त वेळ थांबली. कडक शिस्तीत वाढलेली आधी वाटीत. लाडाने पोर बिघडतं म्हणणाऱ्या आजोबांची इथे पंचाईत व्हावी.

म्हणजे ‘जनुकं इतके टक्के, वळण तितके टक्के’ ही वाटणीच फसवी. वळणाचा परिणाम होणार की नाही आणि कोणत्या दिशेने होणार, हेही काही अंशी जनुकंच ठरवतात.

फ्रीडमन यांचा १९६१चा दुसरा प्रयोग पाळणाऱ्यांच्या जास्त कामाचा. उंच कुंपणाआड, माणसाचं दर्शनही होणार नाही अशा बेताने पिल्लं वाढवली. प्रत्येक गटाला वेगवेगळ्या वयात फक्त एक आठवडा माणसांत आणलं, मग परत कुंपणाआड. काही पिल्लांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही. ती रानटी जनावरासारखी बुजरी झाली. ही पिल्लं होती कॉकर स्पॅनियल आणि बीगलची, म्हणजे लहान मुलांच्या घरी बेलाशक पाळावीत अशा जातींची. उत्तम जात आणि कोरी पाटी. पण पाटीवर लिहायची वेळ टळून गेली होती. माणसांशी ओळख होण्याची ही खिडकी साधारण तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि बाराव्याच्या सुमारास मिटू लागते.

आपल्याकडे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे नियमाने आणलेलं पिल्लू घरी येतं, तेव्हा निम्मी खिडकी सरलेली असते. त्यातून लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला दाराबाहेर काढायचं नाही, असा शिरस्ता. पार्व्होच्या विषाणूची भीती खरीच आहे. पण लशी संपेस्तोवर पिल्लू चौदा-सोळा आठवड्यांचं होतं आणि रिक्षाचा हॉर्न, छत्री उघडल्याचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस हे सगळं त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसतं, ते नेमकं बिचकायच्या वयात. म्हणून प्राण्यांच्या वर्तनाचे जाणकार सांगतात, की पहिली लस झाली की जमिनीवर न टेकवता कडेवर घ्या आणि फाटकापर्यंत न्या. वॉचमनकाका, भाजीची हातगाडी, शाळेतून दप्तरं आपटत येणारी पोरं, सगळं तिथून दिसतं.