मांजरांच्या दवाखान्यातील माणसे

गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या एका रविवारी आमच्याच पेठेतली एक मुलगी दवाखान्यात आली. वय बावीस. सहा महिन्यांपूर्वी ती शहरात मांजरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली होती. फक्त मांजरांसाठी दवाखाना, हे ऐकून बाकावरच्या दोघातिघांना हसू आले. तिने ओढणीखालून उजवा हात बाहेर काढला, तेव्हा हसणे थांबले. तर्जनी लालभडक, ताठ झालेली आणि सूज मनगटापर्यंत.

"कधी चावलं?"

"शुक्रवारी संध्याकाळी, डॉक्टरकाका. दोन बारीक टोचे होते. रक्तसुद्धा फार नाही आलं. हळद दाबून धरली."

"तिथल्या डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

"मी नवीन आहे ना. म्हणतील, हिला मांजर धरता येत नाही."

त्याच दुपारी तिला शल्यचिकित्सकांकडे पाठवले. सांध्याजवळ पू झाला होता. चीर देऊन तो काढावा लागला. बोट वाचले, पण ते पुरते मिटायला तीन आठवडे लागले. ज्या हातावर पोट, तोच हात तीन आठवडे बांधलेला!

वाचकहो, कुत्र्याच्या चाव्याला आपण घाबरतो. मांजराच्या चाव्याकडे मात्र दुर्लक्ष करतो. कुत्र्याचे दात जाड असतात. मांस फाटते, जखम डोळ्यांना दिसते. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. ते खोल जातात, वरचे छिद्र लगेच बुजते आणि जंतू आत कोंडले जातात. हाताच्या बोटांत कातडीखाली लगेचच स्नायुबंध आणि सांधे असतात, त्यामुळे धोका आणखी वाढतो. निरोगी मांजराच्या तोंडातही पाश्चरेला नावाचे जंतू असतात (लुई पाश्चर यांच्या नावावरून हे नाव पडले). त्यांच्यामुळे बारा ते चोवीस तासांतच सूज व ठणका सुरू होतो. नेहमीच्या वापरातली काही प्रतिजैविके या जंतूंवर नीट चालत नाहीत. म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

पुढे शहरात काम निघाले तेव्हा मी मुद्दाम तो दवाखाना पाहायला गेलो. तिथले पशुवैद्य सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळे हिंडून दाखवले. कुत्री नाहीत, भुंकणे नाही. टोपल्यांवर टॉवेल टाकलेले, बोलणे हळू आवाजात. घाबरलेले मांजर चावते, ओरबाडते. म्हणून त्याला मानगुटीला न धरता टॉवेलात गुंडाळून तपासतात. मांजर शांत तर माणूस सुरक्षित, हे तिथले पहिले सूत्र. एकंदर पाच माणसे: डॉक्टर, दोन मदतनीस मुली, नावनोंदणी करणारे एक गृहस्थ आणि सफाई करणाऱ्या मावशी.

मदतनीस मुलींच्या हातावर ओरखडे होतेच. मांजराच्या, विशेषतः पिलाच्या, ओरखड्यातून बार्टोनेला हे जंतू शिरू शकतात. मांजरांमध्ये ते पिसवांमुळे पसरतात. एक ते तीन आठवड्यांनी काखेत अवधाण येते, बारीक ताप येतो. बहुधा ते आपोआप बरे होते. पण काखेत गाठ म्हटली की क्षयाची शंका येते. तेव्हा मांजराने ओरखडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुसरीच्या कोपरावर गजकर्णाचे गोल चट्टे होते. हा बुरशीचा रोग मांजराच्या केसांतून येतो. तिने दुकानातून आणलेले मलम लावले होते. त्यात स्टिरॉइड होते. अशा मलमाने खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते.

नावनोंदणीच्या गृहस्थांना सकाळपासून शिंका आणि संध्याकाळी धाप. ते घरच्या धुळीला दोष देत होते. वास्तविक मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत एक प्रथिन असते. चाटून चाटून ते केसांवर बसते आणि वाळून हवेत उडते. ज्याला त्याची ॲलर्जी आहे, त्याला मांजर न शिवताही त्रास होतो.

आता मावशी. पिंजरे धुणे आणि मांजरांच्या शौचाच्या वाळूचे ट्रे उपसणे हे त्यांचे काम. त्या आजारी पडल्या की त्यांची सून बदली म्हणून येई. तिला पाचवा महिना होता आणि हे कोणी विचारलेच नव्हते! मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची बीजे बाहेर पडतात. हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. त्या संशोधनात जितेंदर दुबे या भारतीय वंशाच्या पशुवैद्याचा मोठा वाटा होता. गरोदरपणी हा संसर्ग पहिल्यांदा झाला तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. मात्र ही बीजे बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करावा, आणि तो गरोदर बाईने करू नये. त्यासाठी घरचे मांजर सोडून देण्याचे कारण नाही. कच्चे राहिलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा संसर्ग होतो, हे विसरू नये.

शेवटी मी रेबीजच्या लसीबद्दल विचारले. डॉक्टरांनी आणि दोन्ही मुलींनी घेतली होती. मावशी व नोंदणीचे गृहस्थ यांनी नव्हती. "ते मांजर हाताळत नाहीत," असे उत्तर मिळाले. मी विचारले, पिंजरा कोण धुते? निसटलेले मांजर कपाटाखालून कोण ओढून काढते? डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "खरं आहे." पुढच्याच आठवड्यात दोघांची लस सुरू झाली, सुनेला वेगळे काम मिळाले आणि चावा लागला की त्याच दिवशी वहीत नोंद करायची, त्यावरून कोणाला बोलायचे नाही, असा नियम झाला.

जनावरांत काम करणाऱ्यांनी ही लस आधीच घ्यावी. पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी अशी तीन इंजेक्शने असतात. पुढे कधी चावा लागलाच तर दोनच मात्रा, लगेच व तिसऱ्या दिवशी, पुरतात. इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. आमच्या मुलीचे तसेच झाले.

ज्यांनी आधी लस घेतलेली नाही, त्यांनी मांजर चावल्यास एवढे करावे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. जखमेतून रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल विचारावे. धनुर्वाताचे इंजेक्शन राहिले असेल तर घ्यावे. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी लस लांबवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

आणि ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांना एक विनंती. गोठा असो, कोंबड्यांची शेड असो की दवाखाना, लशींची यादी करताना सफाई करणाऱ्याचे नाव सर्वांत आधी लिहा. ते नाव हटकून राहून जाते.