वसमतच्या ओसरीत मरणाचे सिनेमे

वसमतमध्ये मी आधी व्हिडिओ सेंटर चालवलं, नंतर केबल. माणसं कुठं खोकतात, कुठं तंबाखू मळायला घेतात, कुठं उठून बाहेर जातात, त्यावरून मी सिनेमा जोखायचो. आता धंदा मुलाकडं आहे. दुपारी आमच्या ओसरीतल्या टीव्हीपुढं गल्लीतली म्हातारी मंडळी जमतात. त्यांना मी इच्छामरणावरचे सिनेमे दाखवायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही सुचंना का?"

सुरुवात 'सुखान्त'नं केली. संजय सूरकरांचा, २००९ सालचा. ज्योती चांदेकर आई, अतुल कुलकर्णी मुलगा. अपघातानं अंथरुणाला खिळलेली आई मुलाकडं मरण मागते. मला वाटलं होतं, आता पाप-पुण्यावर वाद पेटणार. शेजारच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "लेक इतकं करतोय, मग कशाला मरन मागती?" हक्क, घटना, कायदा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पडून राहिलेल्या माणसाचं करतंय कोण, सगळ्यांची नजर तिथं होती.

मग 'आमूर' लावला. मिशाएल हानेके यांचा, २०१२ चा, ऑस्कर मिळालेला. नात खालची इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगत होती. पॅरिसमधलं म्हातारं जोडपं. बायकोला झटका येतो, एक बाजू जाते, नंतर वाचाही. नवरा शेवटी उशीनं तिचा श्वास कोंडतो. तो सीन सुरू असताना कुणी तंबाखूलाही हात लावला नाही. नंतर मात्र ओसरीत दोन तट पडले. पुरुष म्हणाले, एकटा पडला होता गडी, काय करील? बायका भडकल्या, "तिला इचारलं का त्यानं?" मला जगायचं नाही, असं ती आधी म्हणाली होती खरी, पण उशी उचलताना त्यानं विचारलं नव्हतं.

सगळ्यात आवडला तो २०१९ चा तमिळ 'के.डी.'. तमिळनाडूच्या दक्षिण भागात 'तलैकूत्तल' नावाची प्रथा आहे. तेलाची आंघोळ घालून थकल्या म्हाताऱ्याचा शेवट घडवून आणायचा, आणि तोही घरच्यांनीच. प्रिया कृष्णस्वामींचा 'बारम' याच प्रथेवर आहे. तो अर्ध्यातच बंद करायला लावला. 'के.डी.'तला म्हातारा मात्र कोमातून उठतो, घरच्यांचा बेत ऐकतो आणि पळ काढतो. एका अनाथ पोराशी दोस्ती करतो, बिर्याणीवर ताव मारतो. हा पुन्हा लावायला लागला.

जपानच्या 'प्लॅन ७५'मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना सरकारच फुकट मरण देतं, वर खर्चाला एक लाख येन. नातीनं हिशेब केला, पन्नास-साठ हजार रुपये. एक बाबा ताडकन म्हणाले, "म्हंजी आमाला श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार जगायला, आन मेलं की साठ हजार?" हशा पिकला, पण तो सिनेमा त्यांना बरोबर कळला होता.

मुंबईच्या ठाकूरद्वारच्या लवाटे दांपत्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. एसटीतून निवृत्त झालेले नारायण लवाटे आणि पत्नी इरावती. मूलबाळ नाही, मोठा आजार नाही. तरी २०१७ मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहून दोघांनी मरणाची परवानगी मागितली. कुणी म्हणालं, माउलींनीही समाधी घेतलीच की. त्यावर मावशींचं उत्तर तयार होतं, "मग आपल्या नरसीचे नामदेव महाराज रडले ते कशाला?"

आपल्याकडं सुई टोचून मारायला आजही परवानगी नाही. कायद्याची वाट उघडली ती केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळं. १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या भान हरपलेल्या अवस्थेतच राहिल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यासाठी केलेली दयामरणाची मागणी फेटाळली, कारण त्यांना जीव लावून सांभाळणाऱ्या परिचारिकाच विरोधात होत्या. पण बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवण्याची मुभा तत्त्वतः मान्य केली. अरुणाताई २०१५ मध्ये गेल्या. २०१८ च्या निकालानं माणसाला आधीच लिहून ठेवता येऊ लागलं, की मला यंत्रावर ठेवू नका. २०२३ मध्ये ते सोपं झालं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, मगच उपचार काढतात.

हे सांगून झाल्यावर जे बोलणं निघालं ते कुठल्याच सिनेमात नाही. आमच्याकडचा अत्यवस्थ माणूस नांदेडला जातो. चार-आठ दिवसांनी डॉक्टर बाजूला घेऊन सांगतात, "आता घरी न्या, सेवा करा." मुलं, जावई, भाऊ जिन्यापाशी उभे राहतात. हळदीचे किती उरले, शेत गहाण टाकायचं का, यावर कुजबुज होते. मग एक जण कागदावर सही करतो. गाडीत ऑक्सिजन असतो, घरी गंगाजल काढून ठेवलेलं असतं. इच्छामरण महापाप म्हणणाऱ्या माझ्या मित्रानं स्वतः अशी सही केली आहे. त्याच्या लेखी ते वेगळंच काहीतरी. माझ्या मते फरक आहे तो एवढाच, की त्या जिन्यापाशी म्हाताऱ्याचं मत कुणी विचारत नाही, आणि दोन मंडळांचा तर प्रश्नच येत नाही. पॅरिसच्या उशीवर चिडलेल्या बायका हे बरोबर ओळखून होत्या.

मावशींनी विचारलं, "त्या आधी लिवून ठेवायच्या कागदात असं लिवता येतं का, का मला नांदेडला नेऊच नका?" नकोत ते उपचार लिहिता येतात, मी म्हणालो. नातीनं नमुना छापून आणला. साक्षीदार गल्लीतलेच होतील. भांडण आहे ते वेगळ्यावर: मुलांना सहीआधी सांगायचं की सही झाल्यावर. मावशी म्हणतात, आधी सांगितलं तर पोरं सही करू देणार नाहीत. बाबा म्हणतात, नंतर सांगितलं तर कागद फाडतील.