पाण्यांत मुळ्या धरविणें

आमच्या सूनबाईंस ओसरीवर बाटल्यांतून मनी प्लँट लावण्याचा छंद आहे. इस्लामपुरांत हल्लीं घरोघरीं तो दिसतो. आम्हीं प्रथम तो पोरखेळ मानला. पण लागोपाठ तीन छाटे कुजले, तेव्हां बाटली हातांत घेऊन पाहिलें. चूक ऊसवाल्यास सहज उमगेल अशी होती. उसाच्या टिपरीस डोळा व मुळ्यांचे ठिपके गांठीशींच असतात. मधल्या गुळगुळीत कांड्यास मूळ फुटत नाहीं. या वेलाचेंही तसेंच. गांठीवर जो बारीक तपकिरी उंचवटा दिसतो, तेथूनच मूळ निघतें. आणि सूनबाईंनीं तर गांठ सोडून छाटा घेतला होता!

यास्तव गांठीच्या अर्धा इंच खालीं धारेच्या चाकूनें कापावें. एक-दोन गांठी पाण्यांत, पानें सगळीं बाहेर. बुडालेलें पान कुजून पाणी नासवितें. गडद रंगाच्या बाटलींत शेवाळ कमी धरतें. उजेड असावा, कडक ऊन नको. उबेच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळ्या दिसतात. कुंडींत लावणें असल्यास त्या दोन इंचांच्या होतांच हलवाव्या व पहिला पंधरवडा माती ओलसर ठेवावी, कारण पाण्यांतल्या मुळ्या नाजूक असतात. पुदिना व तुळसही अशाच लागतात.

हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरांतील मोओरिया बेटाचा. त्यास फूल क्वचितच येतें, म्हणून त्याचा प्रसार छाट्यांनींच झाला. त्यानें घरांत पैसा येतो म्हणतात. आमच्या पेन्शनींत अद्याप फरक पडलेला नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत मात्र लाज वाटण्याजोगा प्रसंग आला. तपासणीस आलेल्या आरोग्यसेविकेनें बाटली उजेडाकडे धरली, तों आंत अळ्या वळवळत होत्या. महसूल खात्यांत दुसऱ्यांच्या दप्तरांतील चुका काढण्यांत आमची हयात गेली. त्या दिवशीं मान खालीं घालावी लागली. शेजारचें पोर त्याच आठवड्यांत डेंग्यूनें अंथरुणास खिळलें होतें. तो डास आमच्याच बाटलींतला होता कीं काय, हें कोण सांगणार? पोर बरें झालें. परंतु तोंवर आम्हांस झोंप नव्हती.

डेंग्यूचा डास अशाच सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळी-पावसाळी हवेंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एकदां सर्व पाणी ओतून टाकावें. नुसती भर घालूं नये. अंडीं पाण्याच्या कडेस कांचेला चिकटतात व कोरडीं पडलीं तरी महिनेन् महिने जगतात, याकरितां बाटली आंतून घासावी. तोंडाशीं देठाभोंवतीं कापूस बसवावा. आमच्या घरीं हें काम दर शनिवारीं आम्हीच करितों.

छाटलेलीं पानें गव्हाणींत टाकूं नयेत. कच्च्या अळूप्रमाणें तीं गुरांच्या तोंडास व घशास बाधतात.